इंगोले काकाजी आणि जपानी झाकण

आमच्या शेजारचे इंगोले काकाजी कुणाच्या घरी गेले की तब्येत विचारत नाहीत, पाणी मागत नाहीत, बसतही नाहीत. डबा मागतात. कोणताही चालतो. साखरेचा, चहाचा, औषधांचा, सुईदोऱ्याचा. डबा हातात आला की आत काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. ते झाकण काढतात, डब्याच्या तोंडावर अगदी सरळ धरतात आणि सोडून देतात. मग मान तिरपी करून ऐकतात.

झाकण खट्‌कन आदळतं. काकाजींचा चेहरा पडतो.

"पडलं," ते म्हणतात. "झाकन बसलं पाह्यजे, साहेब. पडलं नाई पाह्यजे."

आम्ही अमरावतीत साईनगरला राहायला आलो तेव्हा पहिल्याच दिवशी ते आले. आमचं सामान अजून खोक्यांत होतं. स्वयंपाकघरातले जे डबे बाहेर निघाले होते ते सगळे त्यांनी चहा होईपर्यंत तपासून टाकले. एकही पास झाला नाही. संगीता, म्हणजे माझी बायको, ओट्याशी पातेलं धरून उभी होती. ते गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "अहो, हे काय करून राहिले होते?"

मी हिशेबखात्यातला माणूस. माहिती नसेल तर अंदाज सांगत नाही. मी म्हणालो, "माहीत नाही."

माहिती पुढे हळूहळू मिळत गेली. काकाजींची सगळी नोकरी बडनेरा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गेली. मुंबईहून आलेली खोकी, कलकत्त्याला निघालेली खोकी, आंब्याच्या पेट्या, शिलाई मशिनी, लग्नाची भांडी. "सारी जिंदगी बंद डब्यायसोबत काढली, साहेब," ते सांगतात. "पन एकाचं बी झाकन म्या उघडून नाई पाह्यलं." हे वाक्य ते अभिमानानं सुरू करतात आणि शेवटाकडे येईपर्यंत त्यात थोडी हळहळ मिसळलेली असते.

त्यांच्या पत्नी कमलकाकू तेव्हा होत्या. काकू ठणठणीत, कामाला वाघ आणि झाकणांच्या बाबतीत काकाजींच्या अगदी उलट. डब्यावर झाकण टेकवायचं आणि वरून तळहाताचा एक दणका द्यायचा, ही त्यांची पद्धत. तो दणका मधल्या भिंतीतून आमच्याकडे स्वच्छ ऐकू यायचा. पाठोपाठ ओसरीवरून काकाजींचा आवाज यायचा, "कमल! पडलं!" आणि आतून उत्तर, "पडू द्या! तुमच्या डोक्यावर तं नाई पडलं ना!"

हे रोज चालायचं. आमच्या घरी त्यावरून सकाळचा स्वयंपाक आटोपल्याचं कळायचं.

जपान कसं आलं तेही सांगतो. काकाजींचा मुलगा पुण्याला असतो. रविवारी तोंड दिसावं म्हणून त्यानं आपला जुना टॅबलेट आईवडिलांकडे ठेवला होता. रविवार सोडला तर आठवडाभर तो टॅबलेट रिकामा. एका दुपारी काकाजींचं बोट कुठे तरी लागलं आणि समोर एका परदेशी संग्रहालयाचं पान उघडलं. पानावर एक काळीभोर पेटी, आणि तिच्यावर सोन्याच्या भुकटीनं काढलेला चंद्र आणि गवताची पाती. काकाजी पाहतच राहिले. पुढचे कितीतरी दिवस त्यांनी ते पान बंदच केलं नाही. टॅबलेट चार्जिंगलासुद्धा तसाच उघडा. "बंद केलं अन् मंग सापडलंच नाई तं?"

मग मुलानं फोनवरून शोधायचं कसं ते शिकवलं, आणि काकाजी सुटले. जगातल्या संग्रहालयांत जपानी डब्यांना तोटा नाही असं त्यांच्याकडूनच मला कळलं. पत्रांच्या पेट्या, दौत-कुंचल्याच्या पेट्या, धूप ठेवायच्या डब्या, मजल्यावर मजले असलेले जेवणाचे डबे. संध्याकाळी फाटकाशी भेटले की म्हणायचे, "आज लंडनले होतो, साहेब." दुसऱ्या दिवशी, "बोस्टनवाल्यायनं तीन नव्या डब्या टाकल्या." आमच्या समोर एक नवे भाडेकरू आले होते, त्यांनी हे दोनचार वेळा ऐकलं आणि एकदा अदबीनं विचारलं, "काकाजी, पुढच्या खेपेला येताना पोरांसाठी थोडे चॉकलेट आणता का?"

सर्वांत लाडकी डबी म्हणजे इनरो. "कमरेले लटकवाची डबी. त्यायच्या कपड्याले खिसाच नसे ना गा! मंग औषध, शिक्का, सारं याच्यात. चार मजले, पाच मजले, अन् असे बसते की बोट फिरवलं तं जोड लागत नाई. आपली पानसुपारीची चंची समजा. फक्त लाकडाची, अन् कोन्या सरदाराची."

पण संग्रहालयांवर त्यांचा एक राग होता. "फोटो आहे, लांबी आहे, रुंदी आहे, कोनं देल्ली तेही आहे. झाकन बसते कसं, ते कुटीच नाई! एक तं बंद करून दाखवते, नाई तं झाकन बाजूले काढून ठेवते. मधलं कोन दाखवन?"

मधलं, म्हणजे झाकण खाली जातानाचं. त्यांनी कुठे तरी वाचलं होतं की चांगल्या कारागिराच्या पेटीचं झाकण तोंडावर टेकवून सोडलं तर ते आदळत नाही. आतली हवा एकदम बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे झाकण तिच्यावर तरंगत, सावकाश, आपल्याच वजनानं खाली उतरतं. "श्वास सोडत सोडत बसते," काकाजी हाताची ओंजळ खाली नेत दाखवायचे. आयुष्यात एकदा, खऱ्या जपानी पेटीचं झाकण, आपल्या हातानं असं बसवून पाहायचं. बस, एवढी एकच इच्छा. त्यासाठी त्यांनी माझ्याकडून लंडनला इंग्रजीत एक ई-मेलही लिहून घेतला की, आपल्या अमुक पेटीचं झाकण कसं बसतं ते कृपया कळवावं. संग्रहालयानं उत्तरात, रस घेतल्याबद्दल काकाजींचे आभार मानले होते. झाकणाविषयी अक्षर नव्हतं. तरी काकाजींनी ते उत्तर सगळ्या गल्लीत वाचून दाखवलं.

एका मे महिन्यात त्यांनी ठरवलं की खरी पेटी मिळत नाही तर आपणच करावी. "हा पेटीवरचा काळा रंग म्हन्जे बांगडीच्या लाखेचं काम नाई, साहेब. ते किड्याचं. हे झाडाच्या चिकाचं. अन् ते झाड कोनाच्या भावकीतलं, माईत आहे? आपल्या बिब्ब्याच्या!"

ही माहिती खरी होती. मी नंतर तपासली. पण खरी माहिती माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही. काकाजींनी बाजारातून बिब्बे आणले, तेल काढलं आणि एका लाकडी डब्याला आतूनबाहेरून चोपडलं. तो चीक कोरड्या हवेत नाही, दमट हवेत वाळतो असंही त्यांनी वाचलं होतं. आता मे महिन्यात आमच्या अमरावतीत दमट जागा एकच, ती म्हणजे कूलर. डबा त्यांनी कूलरच्या आत, ओल्या गवताच्या जाळीमागे ठेवला आणि समोर खाट टाकून दुपारभर झोपले.

सकाळी कमलकाकूंनी फाटकातूनच संगीताला हाक मारली. बिब्बा उतला होता. काकाजींचे हात फोडांनी भरलेले, तोंड सुजून भोपळा, डोळ्यांच्या नुसत्या फटी. काकू खोबरेल चोळत होत्या आणि तोंडानं आशीर्वाद देत होत्या. "म्या म्हनो, मानसाले रिटायर झाल्यावर देवाधर्माचं येड लागते. यायले डब्याचं लागलं!"

काकाजी मात्र त्या फटींमधून माझ्याकडे आनंदानं पाहत होते. "जपानी कारागिराले बी सुरुवातीले असंच होते, साहेब. म्हन्जे अर्धं काम तं जमलं."

"कोनतं अर्धं?" काकूंनी विचारलं.

कमलकाकू गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. झोपेतच गेल्या. मुलगा काकाजींना पुण्याला न्यायला आला होता. काकाजी पंधरा दिवस राहिले आणि परत आले. तिकडचे सगळे डबे प्लॅस्टिकचे आहेत, असं कारण सांगितलं.

मग गल्लीतल्या बायकांनी पाळी लावल्यासारखं केलं. आज या घरून भाजी, उद्या त्या घरून वरण, सणाला पुरणपोळी. डबा जायचा, पण परत यायचा नाही. आधी कुणी मनावर घेतलं नाही. पुढे कुजबुज सुरू झाली की, इंगोले काकाजींकडे डबा गेला की गेला. संगीताचा गेला तो तर तिच्या आईनं दिलेला, नाव कोरलेला, कडीचा डबा होता. सावध बायका आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यांतून भाजी पाठवू लागल्या. ते काकाजींना लागलं. "साहेब, हे झाकन दाबून बसवा लागते. दाबलं तं ते बसलं कायचं?"

"मागा ना माझा डबा," संगीता म्हणायची.

"मागतो," मी म्हणायचो. ज्याची बायको गेली त्या माणसाकडे डबा कसा मागतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

अशात संगीताच्या भावानं अकोल्याहून बातमी दिली. तिथल्या एका जुन्या जिनिंगवाल्या घराण्यानं आपल्या घराचा पुढचा हॉल लोकांना पाहायला उघडा केला आहे. पूर्वी कापसाच्या हंगामात परदेशी खरेदीदार अकोल्याला मुक्काम ठोकून असत, त्यात जपानीही असत. त्यांच्याकडून आलेल्या काही काळ्या पेट्या त्या हॉलमध्ये आहेत.

मी काकाजींना सांगितलं. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "अकोल्याले?" म्हणाले. "म्या लंडनले कागद लिहून राहिलो, अन् ते अकोल्याले आहे?"

रविवारी आम्ही निघालो. काकाजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता, जसं काही मुलगी पाहायला चाललो आहोत. फाटकाशी संगीतानं मला बाजूला घेतलं. "तिकडं जपानी डबा पाहा, अन् येतायेता माझा डबा घेऊन या. आज नाही तर कधीच नाही."

बडनेऱ्याहून गाडी पकडली. समोरच्या बाकावर एक कुटुंब शेगावला चाललं होतं. मूर्तिजापूरच्या आसपास त्यांनी जेवणाचा डबा उघडला आणि काकाजींना राहवेना. "जरा पाहू?" झाकण घेतलं, धरलं, सोडलं. "पडलं," ते म्हणाले.

"काय पडलं? काय पडलं?" म्हणून तो माणूस पिशव्या बाजूला सारून बाकाखाली वाकला. त्याची बायको पोरांना मोजू लागली. काकाजींचं स्पष्टीकरण ऐकल्यावर त्यांनी तो डबा खिडकीच्या बाजूला सरकवून ठेवला.

अकोल्याच्या त्या घरात आम्हाला भेटल्या त्या घरच्या मोठ्या सूनबाई. साठीच्या, सगळे त्यांना भाभी म्हणत होते. घराणं मूळ मारवाडी, पण पिढ्या अकोल्यात गेल्यामुळे बोलणं इथलंच. हॉलमध्ये जुना तराजू होता, कापसाच्या नमुन्यांच्या बरण्या होत्या, ग्रामोफोन होता. काकाजींनी कशाकडेही पाहिलं नाही. कोपऱ्यात काचेचं कपाट होतं, तिकडे सरळ गेले आणि उभे राहिले.

आत तीन वस्तू होत्या. एक धुपाची डबी, एक इनरो आणि एक पेटी. काळी, हातभर लांब, झाकणावर सोन्याचा चंद्र आणि वाकलेलं गवत. काकाजींनी टॅबलेटवर पहिल्यांदा पाहिली होती तीच नव्हे, पण तिची सख्खी बहीण शोभेल अशी. खाली चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'काळी पेटी, जपान.' एवढंच.

काकाजींनी काचेला नाक टेकवलं. शेवटी मीच विचारलं, "भाभी, यांनी हात लावला तर चालेल का?"

"लावा ना, काकाजी," भाभी कपाटाची किल्ली शोधत म्हणाल्या. "डबाच तं आहे. आमच्या सासूबाई सुपारी ठेवत त्याच्यात."

"सुपारी!" काकाजी कळवळले. "लंडनले हातमोजे घालते हो याच्यासाठी!"

त्यांनी हात धुतले. रुमालानं पुसले. घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, अंगठी काढून दिली. मग पेटी टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी झाकण उचललं. झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जायची नाही तिथे, सोन्याची भुकटी आणखी दाट पसरली होती. "पाहा," ते कुजबुजले, "चंद्र बाहेर ठेवला, अन् सारं आभाळ आत."

पेटी रिकामी होती. त्यांनी झाकण तिच्या तोंडावर आणलं, चारी कोपरे पाहून घेतले आणि हात सोडले.

ते खरंच तसंच झालं. मी जवळून पाहिलं. झाकण आदळलं नाही. थोडं थांबलं आणि पाण्यात काही बुडावं तसं सावकाश खाली गेलं. कडा कडेला मिळाली तरी काही ऐकू आलं नाही. काकाजींनी पुन्हा एकदा केलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा झाकण उचललं, पण मग काय वाटलं कोण जाणे, हातानंच लावून टाकलं.

"बसलं?" मी विचारलं.

"बसलं," ते म्हणाले. मला वाटलं होतं ते नाचतील.

चहा घेताना भाभींनी त्या पेटीची गोष्ट सांगितली. त्यांच्या आजेसासूबाईंच्या काळात एका जपानी खरेदीदारानं दिवाळीला तिच्यात घालून मिठाई पाठवली होती. मिठाई खाऊन झाली. डबा परत द्यायचा होता. "पन रिकामा कसा द्याचा, काकाजी? काई तं घालून द्या लागते ना! आजेसासूबाई म्हने, घेवर करतो अन् मंग देतो. करतो करतो म्हनता लढाई लागली. ते लोक निघून गेले. डबा राह्यला." त्या हसल्या. "आता लोक येते अन् म्हन्ते, काय संग्रह आहे! कायचा संग्रह? परत द्याचा राह्यलेला डबा आहे तो."

"जपानी लोकायच्यात बी तसंच आहे," काकाजी खाली मान घालून म्हणाले. "भेट ठेवून घ्याची अन् पेटी वापस कराची. म्या वाचलं आहे."

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. शेजारच्या बाईनं डबा उघडला तरी त्यांनी मागितला नाही. मूर्तिजापूर मागे गेल्यावर एकदम म्हणाले, "साहेब, आवाजच नाई झाला."

"तेच तर हवं होतं ना तुम्हाला?"

"हौ," ते म्हणाले. "तेच पाह्यजे होतं." आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. त्यांनीच मला आत बोलावलं, थेट स्वयंपाकघरात. भिंतीवरच्या फळ्यांवर गल्लीतले सगळे डबे होते. घासून लखलखीत, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावलेले. प्रत्येकाखाली काकाजींच्या अक्षरात चिठ्ठी. आमच्या डब्याखाली लिहिलं होतं, 'कडीचा डबा. स्टील. साईनगर, अमरावती. देणाऱ्या : सौ. संगीता. आत आलेली वस्तू : वांग्याची भाजी, उत्तम. झाकण : पडते.'

मला हसू आलं. काकाजी हसले नाहीत.

"तुमी सारे काय म्हन्ता, माईत आहे मले," ते म्हणाले. "पन रिकामा कसा देऊ, साहेब? मले चहाशिवाय काई येत नाई. कमल होती तं आलेला डबा सांजच्यालेच भरून वापस जाये. आता एक आला, थांबला. दुसरा आला, थांबला. म्या रोज पुसून ठेवतो." मग एका डब्यावरून हात फिरवत म्हणाले, "झाकन लावतो तेही हळूच. आवाज होत नाई."

मी डबा मागितला नाही. हात हलवत घरी आलो आणि संगीताला सगळं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती कणीक मळत होती, मळत राहिली. मग म्हणाली, "मग शिकवा लागते यांना काहीतरी."

दुसऱ्या दिवशी ती शेंगदाणे आणि गूळ घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात गेली. शेंगदाण्याचे लाडू. भाजा, सोला, कुटा, वळा. पहिला घाणा जळाला. दुसरा वळलाच नाही. तिसऱ्याचे जे झाले त्याला काकाजी लाडू म्हणाले म्हणून आपणही म्हणायचं. पण त्या आठवड्यात गल्लीतला एकेक डबा भरून परत गेला. काकाजी स्वतः दारोदार गेले, इस्त्रीचा सदरा घालून. लाडू कडक होते, हे नोंदवायला हवं. बायकांना मात्र आपापले डबे दिसल्यावर त्यांचं काही वाटलं नाही.

आमचा डबा परत आला आणि चार दिवसांनी काकाजी दारात उभे. "सुनबाई, डबा आला नाई अजून."

"काकाजी, तो आमचाच आहे!"

"हौ ना. पन म्या भरून देल्ला होता. आता पाळी तुमची."

संगीता हसून आत गेली. सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळून झाल्याच होत्या. काकाजी खुर्चीत टॅबलेट उघडून बसले, बहुतेक बोस्टनला. मी पेपर वाचत होतो. संगीताला बाहेर जायची घाई होती. तिनं वड्या भरल्या, झाकण टेकवलं आणि वरून तळहाताचा सणसणीत दणका दिला.

आवाज घरभर झाला. मी पेपर खाली घेतला आणि 'पडलं' ऐकायची वाट पाहू लागलो.

ते आलंच नाही. काकाजींची मान वर झाली होती आणि ते आमच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होते. टॅबलेटचा उजेड आपोआप विझला तरी त्यांना कळलं नाही.

संगीता जीभ चावत डबा घेऊन बाहेर आली. "पडलं ना, काकाजी? घाईत होते."

"असू दे वं," काकाजी म्हणाले. मग डब्याकडे बोट करून, अगदी हळू आवाजात, "अजून एकदा आपट बरं."